पेनड्राइव्हमध्ये 21 जीबी मोकळी, तरी 6 जीबीचा व्हिडिओ जाईना

वाळव्याचा_गडी
मंडळी जरा मदत करा. बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ आलाय, सगळा मिळून एकच फाइल, 6.3 जीबी. तासगावच्या मामांना पेनड्राइव्हवर घालून द्यायचाय, तो पण त्यांचाच, 32 जीबीचा, त्यात ट्रॅक्टरच्या टेपवर लावायची गाणी हायत, तरी 21 जीबी मोकळी दिसतीय. पण कॉपी करायला गेलं की विंडोज म्हणतंय फाइल या फाइल सिस्टीमसाठी लय मोठी हाय. आता जागा हाय तर अडतंय कुठं? दुकानात दाखवला तर पोरगं म्हणलं पेनड्राइव्ह डुप्लिकेट हाय, नवा घ्या. फॉरमॅट करायला गेलो तर तीन नावं येत्यात, एनटीएफएस, फॅट32 आणि एक्सफॅट. कुठलं घेऊ? मामांचा टीव्ही पाच-सहा वर्षं जुना हाय.

कृष्णाकाठ
डुप्लिकेट बिप्लिकेट काय नाही, पैसे घालवू नको. तुझा पेनड्राइव्ह फॅट32 आहे एवढंच. फाइल सिस्टीम म्हणजे तलाठ्याचं दप्तर समज, कुठली फाइल कुठल्या गटात, केवढी, ते सगळं तिथं लिहिलेलं असतं. फॅट32 च्या दप्तरात फाइलच्या साइझचा रकाना 32 बिटचा आहे, त्यात मोठ्यात मोठा आकडा बसतो 4,29,49,67,295 बाइट, म्हणजे 4 जीबीला एक बाइट कमी. रान 21 जीबी पडीक आहे रे, पण सातबाऱ्यावर 6.3 चा आकडा लिहायलाच जागा नाही. आणि हे आलं 1996 ला, विंडोज 95 च्या सुधारित आवृत्तीबरोबर, तेव्हा अख्खी हार्ड डिस्कच एक-दोन जीबीची असायची, 4 जीबीची एक फाइल कोण करणार होतं.

शटर_मिरज
मी लग्नाच्याच ऑर्डरी करतो, सीझनला हा फोन रोज येतो 😄 कॅमेऱ्यातपण हेच चालतं, 32 च्या कार्डावर फॅट32 असतं म्हणून बरेच कॅमेरे 4 जीबी झाली की आपोआप दुसरी फाइल चालू करतात, अक्षता पडताना एक फाइल संपते आणि मंगलाष्टकाचं शेवटचं कडवं दुसऱ्या फाइलीत. 64 च्या कार्डापासून एक्सफॅट असतं, तिथं ही कटकट नाही.
तू आधी गाणी लॅपटॉपवर काढून घे (हे विसरणारे लय भेटलेत), मग एक्सफॅट करून बघ. पण टीव्हीचं काय सांगता येत नाही, काही एक्सफॅट वाचतात, काही फक्त फॅट32 आणि एनटीएफएस. मामांकडं लावून बघितल्याशिवाय कळणार नाही.

विश्रामबाग_बॉय
एक्सफॅट कशाला, डोळे झाकून एनटीएफएस करा. लिहायच्या आधी काय लिहिणार त्याची नोंद ठेवतंय, मधेच लाइट गेली तरी दप्तर शाबूत राहतंय. 1993 पासून चालू हाय, टिकलंय म्हणजे चांगलंच हाय की.

शटर_मिरज
लॅपटॉपमधल्या डिस्कला बरोबर आहे भावा. पण मॅकवाल्या गिऱ्हाइकाला एनटीएफएस दिलं की त्याला बघता येतं, त्यावर काही टाकता येत नाही, मग परत मलाच फोन. आणि ट्रॅक्टरच्या टेपला एनटीएफएस दिलंस तर बहुतेक ती ओळखच दाखवणार नाही, त्या स्वस्तातल्या टेपा फॅट32 वरच जगतात.

सातारी_पेंग्विन
एक्सफॅटमध्ये ती नोंदवही नसते हे मात्र खरं, त्यामुळे कॉपी चालू असताना ओढून काढू नका, इजेक्ट करा. मी एकदा पोवई नाक्यावर एसटी सुटतीय म्हणून तसाच उपसला, घरी येऊन बघतो तर फोल्डर आहे, आत काही नाही. लिनक्सवाल्यांनी एक्सटी4 (लिनक्सची आपली फाइल सिस्टीम) करून कुणाला देऊ नये, विंडोज थेट विचारतं फॉरमॅट करू का, आणि समोरचा हो म्हणतो.
आणि तासगावकरांसाठी नवा 64 चा घेणार असाल तर ऐका, विंडोजच्या फॉरमॅटच्या खिडकीत त्याला फॅट32 चा पर्यायच दिसत नाही. फॅट32 खरं तर 2 टीबीपर्यंत चालतं, 32 जीबीची अट त्या खिडकीची आहे. मायक्रोसॉफ्टमध्ये असताना डेव्ह प्लमरनं नव्वदच्या दशकात ती खिडकी लिहिली, त्यानंच पुढं सांगितलं की तात्पुरती म्हणून केलेली. आपल्याकडच्या तात्पुरत्या पुलासारखंच.

वाळव्याचा_गडी
झालं एकदाचं. एक्सफॅट केलं तर फाइल गेली मस्त, पण मामांच्या टीव्हीनं पेनड्राइव्ह हाय असंसुद्धा मान्य केलं नाही. घरातली सगळी मंडळी चटया टाकून बसलेली आणि मी घामाघूम. लॅपटॉप बरोबर होता म्हणून तिथंच एनटीएफएस केलं, परत कॉपी लावली, तवर मामीनं दुसऱ्यांदा चहा केला. मग लागला व्हिडिओ. मिरजवाल्या भावाचं पण खरं झालं, सकाळी मामांनी तोच पेनड्राइव्ह ट्रॅक्टरला लावला तर टेप गप्पच. कपाटात जुना 4 जीबीचा एक सापडला, तो फॅट32 ठेवून गाणी त्यावर घातली. दोन्ही काळेच हायत म्हणून ट्रॅक्टरच्याला लाल सुतळी बांधून दिलीय.