ज्युनो की स्कॅग्वे: हिमनदीजवळची कनू कुठे घ्यावी?

ऑगस्टमधली अलास्का क्रूझ, ज्युनो आणि स्कॅग्वे ही तिथली दोन बंदरं, सोबत गुडघेदुखी असलेली आई. सपाटीवर ती चालते, खाली बसून उठणं मात्र कठीण. कनू (लांबट, अरुंद होडी) एकदाच जमेल.

ज्युनोच्या मेंडेनहॉल तलावात वल्ही आपणच मारायची, आणि बर्फाचे कडे कोसळतात म्हणून हिमनदीपासून लांबच राहायचं. शिवाय वरच्या सुइसाइड बेसिन या खोऱ्यात बर्फाने अडलेलं पाणी २०११ पासून फुटून खाली येतंय, अलीकडचे मोठे पूर ऑगस्टमध्येच. फेरी रद्द झाली तर दिवस वाया. स्कॅग्वेहून डेव्हिडसन हिमनदीला आधी लिन कॅनॉल या समुद्राच्या खाडीतून बोट, मग थोडी पायपीट, पण तिथल्या मोठ्या कनूला मोटर असते. त्यामुळे कल तिकडेच.

माहितीपत्रकं वाचली, कनूत चढण्याबद्दल त्यांत अवाक्षर नाही. डेव्हिडसनला काठावरून चढताना पाण्यात पाय टाकावा लागतो का, आणि बसायची फळी किती खाली असते?