‘मीठ कमी झालं’ म्हणावं की ‘सोडियम उतरलं’?

वाशी_अनुवाद: नातेवाइकांना द्यायच्या माहितीपत्रकाचं मराठी करतोय. मेंदूभोवती, जालतानिका या पातळ आवरणाखाली रक्तस्राव झालेला रुग्ण, रक्तातलं सोडियम १३५ च्या (लिटरमागे मिलिमोल) खाली. ‘शरीरातलं मीठ कमी झालं आहे’ असं लिहिलं, त्यावर लाल शेरा आला. काय चुकलं?

कळवा_आयसीयू: तो आकडा मिठाचा साठा सांगत नाही, लिटरमागचं प्रमाण सांगतो. मीठ तेवढंच राहून पाणी साठलं तरी तो खाली येतो. शिवाय ‘मीठ कमी’ वाचलं की घरचे खारं सरबत घेऊन हजर, आणि पेशंटला धड गिळताही येत नसतं.

नौपाडा: मग ‘रक्त पातळ झालं’?

कळवा_आयसीयू: अजिबात नको! ‘रक्त पातळ करायची गोळी’ घराघरात ठाऊक आहे. रक्तस्रावाच्या कागदावर हे वाक्य म्हणजे घोटाळाच.

घणसोली_शुद्ध: ‘लवणक्षय’ हा नेमका शब्द असताना ही कसरत कशाला?

नौपाडा: क्षय म्हटलं की लोक टीबी समजतात.

घणसोली_शुद्ध: म्हणून काय भाषा सोडून द्यायची? आणि ‘सोडियम उतरलं’ तरी कुठे धड आहे? ताप उतरला की आपण सुटकेचा श्वास टाकतो.

वाशी_अनुवाद: हे पटलं. ‘घसरलं’ करतो.

कळवा_आयसीयू: ‘लवणक्षय’ काहीच रुग्णांना लागू पडेल. एका प्रकारात संप्रेरकामुळे पाणी साठतं, तिथे मीठ गेलेलंच नसतं. दुसऱ्यात लघवीवाटे मीठ आणि पाणी दोन्ही जातं. लघवीतलं सोडियम दोन्हींत चढंच दिसतं, म्हणून शरीरात पाणी किती उरलंय यावरून ठरवावं लागतं. इतर आजारांत पहिल्या प्रकाराला पाणी तोडतात. इथे ते धोक्याचं, कारण साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत मेंदूच्या रक्तवाहिन्या आखडतात. त्यात पाणी तोडलं तर रक्तपुरवठा आणखी घटतो. पत्रकात ‘पाणी कमी द्या’ कुठे आलंय का, आधी बघा.

वाशी_अनुवाद: आलंय. काढतो. ‘तीन टक्के सलाईन’ तसंच ठेवू?

कळवा_आयसीयू: आकडा अक्षरी आणि ठळक. मराठीत बाटली लटकली की सलाईन, मग आत डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी, का असेना. आणि नुसत्या डेक्स्ट्रोजने सोडियम आणखी घसरतं. साध्या सलाईनच्या लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ, तीन टक्क्यांच्यात ३०. म्हणून ते मोजूनमापून देतात, नातेवाइकांनी नळीवरची वेग बदलायची चाकी फिरवायची नाही. चोवीस तासांत सोडियमचा आकडा ८ ते १० पेक्षा जास्तने वाढवत नाहीत. फार खाली गेलेलं झपाट्याने वर आणलं तर मेंदूच्या देठातल्या तंतूंचं वेष्टण सुटू शकतं.

नौपाडा: आणि १४५ च्या वर गेलं तर ‘चढलं’च ना? ते ऐकायला बरं वाटतं.

कळवा_आयसीयू: बरं वाटतं तीच पंचाईत. या आजारात चढलेलं सोडियम वाईट परिणामांशी जास्त ठामपणे जोडलेलं आढळतं. ‘प्रमाणाबाहेर वाढलं’ लिहा.

घणसोली_शुद्ध: ‘सोडियम’ तरी कशाला? ‘क्षारातु’ आहे की.

नौपाडा: तो शब्द परीक्षेपुरता. रसायनशास्त्रज्ञ डेव्हीने १८०७ मध्ये सोड्यापासून काढलं म्हणून सोडियम. सोडा आपल्या भज्यातही असतो, झाला मराठी.

खारेगाव: क्षारचाच खार झाला, तेव्हा आमचं गावच शुद्ध मराठी. खारघरही त्यातलंच.

घणसोली_शुद्ध: खारघरला पुरावा काय? ‘घर’ कुठून आलं?

खारेगाव: खाडीकाठी मिठागरं होती, अजून काय हवं?

नौपाडा: ‘आगर’चं ‘घर’ म्हणताय का? मग ‘मिठागर’मधलं ‘आगर’ म्हणजे ‘आकर’, खाण. आगरी शब्दही तिथूनच.

घणसोली_शुद्ध: आगरात नारळही असतात हो. आता नारळाची खाण दाखवा.