मदत हवी आहे: पिस्तूल, रिव्हॉल्वर, गोळी, काडतूस... कुठे कोणता शब्द?

खिळेजुळारी:
नमस्कार मंडळी. मुंबईत घडणाऱ्या एका पोलीस कादंबरीचं हस्तलिखित तपासतेय. कथानक दोन काळांत आहे, १९६७ आणि १९९३. शस्त्रांच्या नावांचा नुसता गोपाळकाला झालाय. एका पानावर रिव्हॉल्वर, पुढच्या पानावर त्याचंच मॅगझिन. लेखकाचं म्हणणं, "सगळे असंच बोलतात." चूक कुठली आणि बोलीत चालणारं कुठलं ते सांगा. नमुने:

१) साहेबांनी रिव्हॉल्वरमधून उडालेल्या चार रिकाम्या गोळ्या फरशीवरून उचलल्या.
२) त्याने क्लिप काढून पिस्तूल रिकामं केलं आणि टेबलावर ठेवलं.
३) पिस्तूल बत्तीस बोरचं. खिशात रिव्हॉल्वरच्या बत्तीसच्या गोळ्या होत्या, त्याच भरल्या.
४) हवालदाराने खांद्यावरची रायफल सरळ केली. (१९६७)
५) दाराशी स्टेनगनधारी पहारेकरी. (१९९३)
६) एके-४७ की एके-५६? हस्तलिखितात दोन्ही आहेत, शस्त्र एकच.

पंचनामा:
पहिल्या वाक्यात दोन घोटाळे आहेत आणि त्यातला एक कथानकच पाडतो.

आधी शब्द. अख्खी वस्तू म्हणजे काडतूस. त्यात चार भाग: मागची पितळी पुंगळी, तिच्या बुडात कॅप, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. चाप ओढल्यावर नळीतून फक्त गोळी जाते, पुंगळी मागे राहते. म्हणजे 'रिकामी गोळी' असं काही नसतंच, रिकामी असते ती पुंगळी. बोलताना सगळेच 'सहा गोळ्या भरल्या' म्हणतात, ते संवादात खुशाल राहू द्या. पंचनाम्यात मात्र 'जिवंत काडतूस', 'रिकामी पुंगळी' आणि 'गोळी' या तीन वेगळ्या नोंदी असतात, कारण कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत त्यांच्यावरून वेगवेगळ्या गोष्टी पाहतात. पुंगळीच्या बुडावर फायरिंग पिनची खूण उमटते, गोळीवर नळीतल्या आट्यांचे, म्हणजे आतून कोरलेल्या पिळदार खाचांचे ओरखडे. 'शरीरातून काडतूस काढलं' अशी बातमी वाचली की समजावं, बातमीदाराने घाईत लिहिलंय.

आता मोठा घोटाळा. रिव्हॉल्वर पुंगळ्या बाहेर फेकत नाही. त्या सिलिंडरमध्येच, म्हणजे काडतुसं बसवायच्या फिरत्या गोल भागातच राहतात, सिलिंडर उघडून दांडा दाबला की एकदम पडतात. फरशीवर चार पुंगळ्या हव्या असतील तर शस्त्र पिस्तूल करा, नाहीतर खुन्याने तिथेच थांबून रिव्हॉल्वर पुन्हा भरलं असं दाखवा. पिस्तुलाच्या पुंगळ्या बहुतेक उजवीकडे उडतात, हेही लक्षात ठेवा. तुमचे साहेब डावीकडच्या कपाटाखाली शोधत असतील तर वाचक पकडेल.

वरळीकर:
क्रमांक २. क्लिप आणि मॅगझिन या वेगळ्या वस्तू. मॅगझिन ही काडतुसांची पेटी, तिच्यात स्प्रिंग असते, ती काडतूस वर ढकलत राहते. क्लिप ही काडतुसं एकत्र धरणारी पत्र्याची पट्टी. पॉइंट ३०३ रायफलची पट्टी पाच काडतुसांची, ती वरून लावून अंगठ्याने काडतुसं खाली दाबायची. मॅगझिन दहाचं, म्हणजे दोन पट्ट्या लागतात. ब्रिटिश आणि भारतीय लष्करी भाषेत तिला चार्जर म्हणतात. पिस्तुलाला 'क्लिप' म्हणणं अमेरिकी बोलीतून आलं. पात्र इंग्रजी सिनेमे पाहणारं असेल तर त्याच्या तोंडी ठेवा, निवेदनात मॅगझिन.

पण खरी चूक पुढे आहे. मॅगझिन काढल्याने पिस्तूल रिकामं होत नाही, एक काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं त्या जागेत असू शकतं. क्रम असा: नळी सुरक्षित दिशेला, बोट चापापासून दूर, आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, पूर्ण मागे ओढून चेंबरमधलं काडतूस पाडायचं, स्लाइड मागेच अडकवून चेंबर डोळ्यांनी पाहायचं. क्रम उलटा केला, म्हणजे आधी स्लाइड ओढली, तर एक काडतूस पडतं आणि मॅगझिनमधून दुसरं वर चढतं. 'रिकामं होतं' म्हणत घडणारे अपघात बरेचदा इथे होतात. लेखकाला अपघातच हवा असेल तर आयता मिळाला!

क्रमांक ३ तर जमणारच नाही. आपल्याकडे परवान्यावर मिळणाऱ्या 'बत्तीस'मध्ये दोन वेगळी काडतुसं येतात. रिव्हॉल्वरचं लांब आणि बुडाशी बाहेर आलेली कड असलेलं, त्या कडेवरच ते सिलिंडरमध्ये टेकतं. पिस्तुलाचं आखूड, मिलिमीटरमध्ये ७.६५. रिव्हॉल्वरचं काडतूस पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये मावतच नाही. आकड्यांवर तसाही फार विश्वास ठेवू नका. पॉइंट ३८ ची गोळी प्रत्यक्षात .३५७ इंचाची असते, म्हणूनच .३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्वरमध्ये .३८ स्पेशल चालतं. उलटं करायचं नाही. आणि बारा बोर हे इंच नव्हेतच: एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, की त्यातल्या एकीचा व्यास तो बारा बोर, साधारण १८.५ मिलिमीटर. आकडा वाढला की नळी बारीक.

खिळेजुळारी:
बापरे. पण मग रिव्हॉल्वरला 'पिस्तूल' म्हणणं चूक की बरोबर? एका ठिकाणी गावठी कट्ट्यालाही 'देशी बनावटीचे पिस्तूल' लिहिलंय.

पंचनामा:
कट्ट्याचं बरोबर आहे, पोलीस तसंच लिहितात. फक्त तो बहुधा एकाच काडतुसाचा असतो. नळी मोडून उघडायची, पुंगळी काढायची, नवं काडतूस घालायचं. त्याच्याकडून सलग गोळीबार करवू नका.

तोफखाना:
आणि रिव्हॉल्वर हे पिस्तूलच, असं जुनी ब्रिटिश लष्करी यादी म्हणते. तिथे नोंदच 'पिस्टल, रिव्हॉल्वर' अशी असे. आपल्या शस्त्र नियमांत दोन्ही वेगळे लिहिलेत. तेव्हा १९६७ मधल्या निवृत्त सुभेदाराने रिव्हॉल्वरला पिस्तूल म्हटलं तर ते त्याच्या काळाला धरून आहे, खोडू नका. १९९३ च्या फौजदाराच्या तोंडी खटकेल.

क्रमांक ४: रायफल म्हणजे नळीत आट्या हव्यात. त्या काळी पोलीस दलांत .४१० मस्केट असे, .३०३ च्याच सांगाड्यावर बंगालमधल्या इछापूरच्या शस्त्र कारखान्यात केलेलं. लांबून ओळखू येत नाही, पण नळी गुळगुळीत आणि शस्त्र एकबारी, म्हणजे एका वेळी एकच काडतूस भरायचं. मुद्दाम तसं केलेलं, म्हणजे हिसकावून नेलं तरी लष्करी .३०३ काडतूस त्यात चालू नये. त्याचं काडतूस .३०३ च्या पुंगळीवरून केलेलं, त्यामुळे बाजारातलं .४१० चं शिकारी काडतूसही त्यात नीट बसत नाही. लेखकाला .३०३ हवी असेल तर तसं स्पष्ट लिहावं, नाहीतर नुसतं 'मस्केट'. आणि 'छऱ्याची बंदूक' कुठे आली असेल तर तपासा. घरगुती बोलीत ती एअरगन, फॉरेन्सिक अहवालात छर्रे म्हणजे बारा बोरमधले.

क्रमांक ५: १९९३ ला स्टेन नव्हे, कार्बाइन. स्टेन दुसऱ्या महायुद्धातली, तिच्या जागी स्टर्लिंग आली. दोन्ही ९ मिलिमीटर आणि दोन्हींचं मॅगझिन डावीकडे आडवं, म्हणून लोकांच्या तोंडी जुनं नाव राहिलं. मॅगझिन सरळ ती स्टेन, वाकडं ती स्टर्लिंग. गंमत अशी की बाहेरच्या देशांत कार्बाइन म्हणजे आखूड रायफल, आणि पिस्तुलाचं काडतूस झाडणाऱ्या स्वयंचलित शस्त्राला सबमशिनगन म्हणतात. आपल्याकडे या सबमशिनगनचंच नाव कार्बाइन. चाळीतला माणूस 'स्टेनगन' म्हणेल, पहारेकरी स्वतः म्हणणार नाही.

क्रमांक ६: एके-५६ हे चिनी टाइप ५६ चं आपल्याकडचं नाव. १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यामुळे मुंबईत ते घरोघरी पोचलं, त्यामुळे तुमच्या काळाला शोभतं. टाइप ५६ च्या पुढच्या माशीभोवती, म्हणजे नळीच्या टोकाकडच्या नेम धरायच्या खुणेभोवती पूर्ण गोल कडं असतं, रशियन एकेचं वरून उघडं. वर्णन यातलं एकही नसेल तर सरसकट 'एके रायफल' करा. मशिनगन नको. आणि 'सात पॉइंट बासष्टच्या गोळ्या' एवढंच लिहून भागत नाही. एकेचं काडतूस ३९ मिलिमीटर लांबीच्या पुंगळीचं, लष्कराच्या तेव्हाच्या एसएलआर रायफलचं ५१ चं. एकाचं दुसऱ्यात चालत नाही.

फुकटसल्ला:
'घोडा' राहिला की! भाईलोकांच्या तोंडी घोडा म्हणजे अख्खं हत्यार.

पंचनामा:
आणि जुन्या मराठीत घोडा म्हणजे मागून आपटणारा हॅमर. 'घोडा चढवला' इथे हॅमर, 'घोडा दाबला' इथे लोकांना चाप अभिप्रेत असतो. निवेदनात 'चाप' वापरा, घोडा फक्त टोळीवाल्यांना द्या.

खिळेजुळारी:
सगळ्यांचे आभार, लेखकाला धागाच पाठवते. शेवटचं एक: प्रकरण नऊमध्ये मारेकरी सायलेन्सर लावलेलं रिव्हॉल्वर वापरतो आणि शेजारच्या खोलीत कुणाला कळत नाही. चालेल?

वरळीकर:
नाही. सिलिंडर आणि नळी यांच्यात फट असते, तिथूनच वायू आणि आवाज बाहेर पडतो, नळीच्या टोकाला काहीही लावा. अपवाद १८९५ च्या रशियन नागां रिव्हॉल्वरचा, त्यात सिलिंडर पुढे सरकून फट बंद होते. मारेकऱ्याकडे ते कुठून आलं हे सांगावं लागेल. त्यापेक्षा त्याला पिस्तूल द्या, आणि तरी दुसऱ्या खोलीत आवाज ऐकू जाऊ द्या. सायलेन्सर आवाज कमी करतो, बंद करत नाही.