'कपल्ड'ला मराठीत काय म्हणावं? आणि भेग, फट, तडा यांतलं नेमकं कुठलं?

विचारणा

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या नेवाडात यक्का पर्वताच्या पोटात खडक तापवण्याचा मोठा प्रयोग झाला होता. त्यावरचं एक प्रकरण मी मराठीत आणते आहे. अणुकचरा खोल पुरला तर त्याच्या उष्णतेने भोवतालच्या खडकाचं काय होईल, हे पाहायचं होतं. त्यासाठी एका बोगद्यात विजेचे हीटर बसवून डिसेंबर १९९७ ते जानेवारी २००२ अशी चार वर्षं खडक तापवला आणि मग निवू दिला. माझं वाक्य असं झालंय: "विभंगित खडकातील औष्णिक, द्रवीय व यांत्रिक युग्मित प्रक्रियांचे प्रतिमान." 'कपल्ड', म्हणजे एकमेकांवर परिणाम करणाऱ्या, यासाठी 'युग्मित'; 'फ्रॅक्चर्ड'साठी 'विभंगित'; आणि गणिती 'मॉडेल'साठी 'प्रतिमान'. लिहिलं मीच, पण वाचताना डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १

ताई, आधी 'विभंगित' काढा. ज्या तुटीवर दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांवरून सरकलेत, तो विभंग. शाळेच्या भूगोलात आपण त्यालाच प्रस्तरभंग म्हणायचो. तुमच्या खडकातल्या बहुतेक तुटी सरकलेल्या नाहीत.

आपल्या रोजच्या शब्दांत तूट कशाने पडली ते आधीच सांगितलेलं असतं. भेग सुकून, आकसून पडते: टाचेला पडते, मे महिन्यात काळ्या रानाला पडते. तडा आघाताने किंवा एकाएकी बसलेल्या तापाने जातो. कढत चहा ओतला की काचेच्या पेल्याला जातो तो तडाच, त्याला कोणी भेग म्हणणार नाही. चीर लांब आणि बारीक. फट म्हटलं की मात्र मधली मोकळी जागा दिसते. दाराच्या फटीतून उजेड येतो, वारा येतो, मुंग्यांची रांग येते.

यक्का पर्वताचा खडक ज्वालामुखीच्या राखेचा आहे. ती तापलेली राख घट्ट होऊन निवताना आकसली आणि तिच्यातल्या कितीतरी तुटी तेव्हाच पडल्या. म्हणजे भेगाच की! 'भेगाळलेला खडक' लिहा, कुणालाही कळेल.

पण पाण्याच्या वहनाचा हिशेब येईल तिथे 'फट' आणि 'फटीची रुंदी' असंच ठेवा, कारण त्या हिशेबात मधल्या जागेलाच सगळी किंमत. दाब तोच ठेवून फट निम्मी केली तर पाणी आठव्या हिश्शावर येतं. प्रवाह रुंदीच्या घनाप्रमाणे बदलतो. केसाएवढ्या फरकाने सगळं गणित फिरतं ते यामुळे.

प्रतिसाद २

'युग्मित'बद्दल. युग्म म्हणजे जोडी, आणि इथे मंडळी तीन आहेत. शिवाय जोडी शेजारी शेजारी नुसती बसूनही असते, एकाचं दुसऱ्याला काही लागत नाही.

या खडकात काय होतं बघा. तापला की खडक फुगतो. फुगला की फटी आवळतात, आणि फटी आवळल्या की पाण्याची, वाफेची वाट अडते. इकडे खडकाच्या बारीक छिद्रांतलं पाणी उकळून वाफ होते, ती फटींतून गार बाजूला पळते, तिथे पुन्हा पाणी होऊन झिरपू लागते. जाताना उष्णता बरोबर नेते, म्हणजे खडक कुठे किती तापणार हेच बदललं. मग फुगणंही बदललं.

माझ्या मते याला 'सांगड' हा शब्द आहे. दोन होड्या किंवा सुके भोपळे एकत्र बांधून नदी उतरायला केलेलं साधन म्हणजे सांगड. एक कलला की दुसरा कलतोच. तीन बांधले तरी सांगडच. गणितात एकाचा परिणाम दुसऱ्यावर धरला पण उलटा धरला नाही, तर ती 'एकतर्फी सांगड'. दोन्हीकडून धरला तर 'दुतर्फी'.

प्रतिसाद ३

सांगड आवडली, पण एक अडचण आहे. आज आपण सांगड 'घालतो'. परंपरा आणि आधुनिकतेची सांगड कोणीतरी घालतं, ती आपोआप नसते. खडकात हे सगळं कोणी न घालता चाललेलं असतं.

मी कराडकडचा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६.३ रिश्टरचा भूकंप झाला, त्याच्या गोष्टी ऐकतच आम्ही वाढलो. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय भरू लागल्यानंतर धक्के सुरू झाले, आणि जलाशयाने ते चाळवले असं भूशास्त्रज्ञ आज सर्वसाधारणपणे मानतात. वर पाण्याचं ओझं, आणि चिरांमधून खोल पोचलेल्या पाण्याचा आतून दाब. विभंगाच्या दोन्ही बाजू ज्या जोराने एकमेकींवर आवळलेल्या असतात, तो जोर या आतल्या दाबाने कमी होतो. सरकलं की वाटाही बदलतात, काही नव्या उघडतात. याच अभ्यासासाठी इथे सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलंय. जवळजवळ ९३० मीटरवर काळा कातळ संपून खालचा ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागला.

तेव्हा माझी सूचना अशी. खडकात जे घडतं त्याला 'परस्परावलंबी' म्हणा. गणित मांडणारा माणूस समीकरणं एकमेकांना बांधतो, तिथे 'सांगड'. ती खरोखरच कोणीतरी घातलेली असते, आणि चुकीची घातली तर उत्तर चुकतं.

ता. क. विभंग हा शब्द कोयनेसाठी मात्र हवाच. तिथे खडक सरकलेलाच आहे.

विचारणा करणारी

काका, हे घडणं आणि मांडणं वेगळं काढलंत, तिथेच माझी गाठ सुटली. 'प्रतिमान' ठेवते, रुळलेला शब्द आहे. नवं वाक्य:

"भेगाळलेल्या खडकात उष्णता, पाण्याचे वहन आणि खडकाचे फुगणे-आकसणे या परस्परावलंबी प्रक्रिया आहेत; प्रतिमानात त्यांची दुतर्फी सांगड घातली आहे."

मूळ वाक्यापेक्षा लांब झालंय, पण आता मला त्यातली वाफ पळताना दिसते. 'श्यानता' (व्हिस्कॉसिटी, म्हणजे द्रवाचा वाहण्याला होणारा विरोध) शब्दाचं काय करायचं ते उद्या विचारते. २० अंशांच्या पाण्यापेक्षा ८० अंशांच्या पाण्याची श्यानता जवळपास एक तृतीयांश असते, आणि 'दाटपणा' लिहिलं तर लोक घनता समजतील अशी भीती वाटते.