बाथरूमच्या गळतीवरून प्लंबर, वॉटरप्रूफिंगवाला आणि टाइलवाला यांची टोलवाटोलवी. कामाचा क्रम आणि बिलं कशी बांधायची?

रावेत_साइट
मंडळी, दोन टॉवर, २२ मजले, मजल्यावर ४ फ्लॅट, फ्लॅटला ३ बाथरूम. मायवान शटरिंग (ॲल्युमिनियमचे साचे, भिंती आणि स्लॅब एकदम ओततात), दर १० दिवसांनी एक स्लॅब. आरसीसी (काँक्रीटचा सांगाडा) चौदाव्या स्लॅबवर पोचलंय आणि फिनिशिंग सहाव्या मजल्यावर अडकलंय. बाथरूमचा स्लॅब ७५ मिमी खाली (ड्रॉप), पाइप स्लॅबखाली टांगलेले. टाइल बसल्यावर खालच्या छताला ओल दिसते आणि मग फोडाफोड. प्लंबर म्हणतो वॉटरप्रूफिंगचा कोट खराब, वॉटरप्रूफिंगवाला म्हणतो पाइप हलवला, टाइलवाला म्हणतो मला जे मिळालं त्यावर बसवलं. तिघांच्या वर्क ऑर्डर वेगळ्या. कोणाच्या हातात कधी काय द्यायचं आणि पैसे कुठे अडवायचे?

नहाणी_ट्रॅप
ओल दिसली की सगळे कोट बघतात. गळती मात्र बहुतेक वेळा पाइपच्या गळ्याशी, म्हणजे पाइप स्लॅबमधून जातो तिथे असते. पीव्हीसी गुळगुळीत, त्याला ग्राउट धरत नाही. पाइप स्लॅबमधून जातो तेवढ्या भागाला पॉलिश पेपर मारा, सॉल्व्हंट सिमेंट लावून वर जाडी वाळू भुरभुरा, वाळलं की मग नॉन-श्रिंक (वाळताना न आकसणारा) ग्राउट ओता. पाइपभोवती २०–२५ मिमी फट हवी. नुसती बारीक फट ठेवून सिमेंटचा गोळा दाबला की दोन महिन्यांत केसासारखी चीर येते. ग्राउट ओतल्यावर ४८ तास पाइपला हात नको आणि खालचं हँगर (पाइप टांगायचा पट्टा) ग्राउटच्या आधी कसलेलं हवं. उलट केलंत तर हँगर कसताना पाइप ओढला जातो आणि गळा सुटतो. "पाइप हलवला" या तक्रारीचं मूळ बहुधा इथेच असतं.

बाकी क्रम असा ठेवा: शटरिंगच्या टायच्या (साचे बांधणाऱ्या पट्ट्यांच्या) खाचा आणि हनीकोम्ब (काँक्रीटमधल्या पोकळ्या) भरा, कोऱ्या स्लॅबवर २४ तास पाणी ठेवा (इथे थेंब आला तर आरसीसीवाल्याचा, वाद संपला), मग भिंतीतली सीपीव्हीसी (नळाच्या पाण्याची) लाइन आणि तिची प्रेशर टेस्ट. वापराच्या दाबाच्या दीडपट दाब द्यायचा, गेजचा फोटो घ्यायचा, त्याशिवाय झिरी बुजवायची नाही. त्यानंतर ट्रॅप (जमिनीतली जाळी), ग्राउट, कोपऱ्यांना वाटा (मसाल्याची गोलाई) आणि मग दोन कोट, दुसरा पहिल्याला आडवा. भिंतीवर ३०० मिमी, शॉवरच्या बाजूला १.८ मीटर. कोट दाराच्या उंबऱ्याखालून बाहेर निघालाच पाहिजे. बेडरूमच्या स्कर्टिंगला ओल येते ती उंबऱ्याखालच्या मसाल्यातून, स्लॅबमधून नाही.

मग ट्रॅपला रबरी बूच, ५० मिमी पाणी, भिंतीवर पेन्सिलची रेघ, ४८ तास. एप्रिल-मेमध्ये पाणी थोडं उडून जातं, त्यामुळे रेघ खाली गेली म्हणून लगेच नापास करू नका. खालचं छत बघा. पास झालं की त्याच दिवशी २० मिमी संरक्षक कोबा (सिमेंटचा थर), आणि तो वॉटरप्रूफिंगवाल्यानेच करायचा. उघडा कोट आणि वर टाइलवाल्याची घोडी, इथेच बहुतेक भांडणं जन्माला येतात.

बिलिंग_टेबल
वरच्याला जोड. हातबदल कागदावर आणा. प्रत्येक बाथरूमच्या दारावर एक कार्ड चिकटवा, त्यावर पाच सह्या: आरसीसी, प्लंबर, वॉटरप्रूफिंग, टाइल आणि तुमचा इंजिनिअर. पुढच्याने सही केली म्हणजे मागच्याचं काम त्याने बघून घेतलं. सही नसेल तर त्या बाथरूमचं माप बिलात धरायचं नाही. व्हॉट्सॲपवरच्या फोटोवर बिल काढणं बंद करा, बाथरूम सगळी सारखीच दिसतात.

बिलाचे टप्पे पाडा. प्लंबरला पाइप बसल्यावर ६० टक्के, प्रेशर टेस्टला १५, वॉटरप्रूफिंगचं पाणी पास झाल्यावर १५, फिटिंग लावून फ्लॅट देताना १०. तिसऱ्या टप्प्यामुळे त्याला दुसऱ्याच्या टेस्टची काळजी पडते, एरवी तो फिरकतही नाही. डेबिटचा (चुकीपोटी बिलातून कापायचा) दर वर्क ऑर्डरमध्येच लिहा: एक बाथरूम फोडून पुन्हा करायला अमुक रुपये. नंतर ठरवायला गेलात तर कोणी मानत नाही.

वॉटरप्रूफिंगवाल्याचा १० वर्षांच्या गॅरंटीचा स्टॅम्प पेपर फाइलला शोभतो. रेरा (बांधकाम प्रकल्प आणि घरखरेदीच्या) कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत निघालेला दोष ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायची जबाबदारी बिल्डरचीच. दारात ग्राहक तुमच्याच येणार, म्हणून रिटेन्शन (बिलातून राखून ठेवलेली रक्कम) आधी सोडू नका.

रावेत_साइट
आभारी आहे. पण १२ बाथरूममध्ये एकदम पाणी भरायचं म्हणजे टँकर वेगळा मागवावा लागेल का? आणि टाइल झाल्यावर पुन्हा टेस्ट करायची का?

नहाणी_ट्रॅप
१.५ × २.२ मीटरचं बाथरूम धरा. ५० मिमी पाण्याला १६५ लिटर, १२ ला साधारण २,००० लिटर. टेस्ट संपली की तेच पाणी पंपाने खालच्या मजल्यावर उतरवा, नाहीतर क्युरिंगला वापरा.

टाइलनंतरची टेस्ट हवीच. डोअर स्टॉपरचा स्क्रू, कमोडचे बोल्ट, सगळे कोट झाल्यावर जमिनीत शिरतात. जमिनीत ड्रिल पूर्ण बंद, स्टॉपर भिंतीला. आणि वरच्या बाथरूमची पहिली टेस्ट पास होईपर्यंत खालच्या फ्लॅटचं फॉल्स सीलिंग बंद करू नका. हा एक नियम पाळलात तरी निम्मी फोडाफोड वाचेल.

कंड्युट२५
प्रश्न बाथरूमचा आहे, पण मायवानमध्ये हीच टोलवाटोलवी इलेक्ट्रिकलमध्येही होते. स्लॅबच्या सळ्यांची खालची जाळी बांधून झाली की वरची बांधायच्या आधी इलेक्ट्रिशियनला सहा तास मोकळे द्या, वेळापत्रकात लिहूनच. कंड्युटचे (वायरच्या पाइपचे) सांधे गमने चिकटवलेले, बॉक्समध्ये थर्माकोल, ओतकामाच्या वेळी त्याचा एक माणूस स्लॅबवर, कारण व्हायब्रेटरची सुई कंड्युट फोडते. शटर निघाल्यावर दोन दिवसांत प्रत्येक पाइपमधून स्प्रिंग घालून बघा. बंद निघाला तर तेव्हा दोष ठरवता येतो. सहा महिन्यांनी वायर ओढताना कळलं तर भिंत काँक्रीटची, झिरी मारायला स्ट्रक्चरलवाला परवानगी देत नाही.

बिलिंग_टेबल
अजून एक, पावसाळ्याआधीचं. खिडक्या सगळ्या एकदम बसत नसतील तर पश्चिम आणि नैऋत्य बाजूच्या आधी घ्या, पुण्यात झड तिकडून येते. आणि टाइलची गँग दिवाळी-छठला गावी गेली की तीन आठवडे धरूनच चाला. ते दिवस वॉटरप्रूफिंगला द्या, पाणी भरायला मजले रिकामे मिळतात.