फोनमधून जास्त मिळवायचं तर ॲप वाढवायची की सेटिंग्ज वाचायच्या?

निवांत (धागाकर्ता)

"एखादं चांगलं ॲप सुचव ना" असं मला सतत कुणी ना कुणी विचारतं. पूर्वी मी लगेच यादी पाठवायचो. हल्ली आधी फोन हातात मागून घेतो. बहुतेक वेळा त्यात ॲपची खच्चून गर्दी असते आणि तक्रारी त्याच असतात: बॅटरी टिकत नाही, जागा संपली, हवा तो कागद वेळेवर सापडत नाही. माझं मत आता पक्कं झालंय. नवं ॲप टाकण्याआधी फोनच्या सेटिंग्ज एकदा शांतपणे वाचाव्यात. निम्मी ॲप लागतच नाहीत.

सगळ्यात आधी ते रॅम, म्हणजे चालू ॲप तात्पुरती ठेवायची जागा, साफ करणारं ॲप काढा. रॅम रिकामी असली म्हणजे फोन पळतो हा गैरसमज आहे. नुकतीच वापरलेली ॲप अँड्रॉइड मुद्दाम रॅममध्ये ठेवतं, म्हणजे ती पुन्हा झटकन उघडतात. जागा कमी पडली की बराच वेळ न वापरलेलं ॲप ते स्वतःच बाहेर काढतं. क्लीनर ही सगळी ॲप जबरदस्तीने बंद करतो, मग ती पहिल्यापासून सुरू होतात आणि त्यात बॅटरी जास्त जाते. शिवाय क्लीनर स्वतः चालूच असतो, ते वेगळंच.

टॉर्चचं ॲपही तसंच. उजेड पाडायला फोनचा ठावठिकाणा कशाला हवा? २०१३ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एका लोकप्रिय टॉर्च ॲपवर कारवाई केली. ते वापरणाऱ्यांचं लोकेशन जाहिरात कंपन्यांना पोचवत होतं. आज टॉर्च वरून खाली ओढायच्या पट्टीतच असतो. क्यूआर कोड कॅमेराच वाचतो. कागद स्कॅन करायचा तर आयफोनच्या नोट्समध्ये २०१७ पासून सोय आहे, अँड्रॉइडवर गूगल ड्राइव्हमध्ये आहे.

एक सोय मात्र आजच चालू करून ठेवा, नोटिफिकेशन हिस्टरी. अँड्रॉइड ११ पासून ती आहे, पण बहुतेक फोनवर आपण चालू करेपर्यंत बंद असते. चुकून बोटाने उडवलेली सूचना तिथे गेल्या चोवीस तासांपर्यंतची सापडते. यासाठी वेगळी ॲप टाकून त्यांना सगळ्या सूचना वाचू देणारी माणसं मी पाहिली आहेत. त्या सूचनांत ओटीपीही येतात, हे त्यांच्या लक्षातच आलेलं नसतं.

---

पायवाट

निवांत, क्लीनर आणि टॉर्चबद्दल पूर्ण सहमत. पण त्यावरून तुम्ही जो निष्कर्ष काढलाय तो मला मुळीच पटत नाही. टाकाऊ ॲप टाकाऊ आहेत, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

फोनसोबत आलेली सोय ही कंपनीला सोयीची असते, आपल्याला असेलच असं नाही. नकाशाचंच घ्या. मी डोंगरात फिरतो, रेंज जाते. ऑरगॅनिक मॅप्स हे ॲप ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेला नकाशा वापरतं. हवा तो भाग आधी उतरवून ठेवला की पुढे इंटरनेटची गरजच नाही, जीपीएस तर रेंजशिवाय चालतोच. पायवाटा, ओढे, उंचीच्या रेषा सगळं दिसतं. गूगलच्या नेहमीच्या नकाशावरही भाग उतरवता येतो, पण तो गाडीच्या रस्त्यासाठी. पायी चालताना ऑफलाइन वाट मागितली की तो हात वर करतो.

दुसरं, अंकीड्रॉइड. शब्द, सूत्रं, काहीही पाठ करायचं असेल तर विसरायच्या बेतात असलेलंच कार्ड ते पुन्हा समोर आणतं. जे येतं ते लांबच्या तारखेला जातं, जे चुकतं ते थोड्या वेळात परत येतं. रोजची वीस मिनिटं देऊन मी एक नवी लिपी वाचायला शिकलो. ही गोष्ट कुठल्या सेटिंग्जमध्ये आहे, सांगा!

---

मंद्रसप्तक

मी पायवाट यांच्या बाजूने.

बाबांना दोन वर्षांपासून ऐकू कमी येतं. यंत्र लावतात, पण चार माणसं जमली की त्यांना नुसता गलका ऐकू येतो. मग ते हसतात, मान हलवतात आणि हळूच आतल्या खोलीत निघून जातात. मी त्यांच्या फोनवर गूगलचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब टाकलं. २०१९ मध्ये आलेलं हे ॲप समोरचं बोलणं ऐकून अक्षरांत लिहितं. पहिल्या दिवशी फोन टेबलावर पेल्याला टेकवून ठेवला, अक्षरं मोठी केली. माझी बहीण काहीतरी बोलली, ओळ उमटली, बाबांनी ती वाचली आणि मान हलवण्याऐवजी तिला उलट प्रश्न विचारला. कितीतरी दिवसांनी.

दोघं एकदम बोलले की ॲप गोंधळतं, नावं चुकवतं. तरी त्या दिवशी बाबा शेवटपर्यंत आमच्यात बसले. "ॲप कमी करा" हे वाक्य सरसकट बोलताना अशा माणसांचा विचार व्हावा, एवढंच म्हणणं आहे.

---

निवांत (धागाकर्ता)

मंद्रसप्तक, तुमचा प्रतिसाद वाचून मी थांबलो. सरसकट बोललो हे खरं, ते शब्द मागे घेतो. खरं तर ऐकणं-दिसणं सोपं करणाऱ्या सोयींबद्दल मी मूळ लेखातच लिहायला हवं होतं. ॲक्सेसिबिलिटी या पानावर लोक फिरकतच नाहीत, आणि फोनमधलं सगळ्यात कामाचं पान तेच आहे. आयफोनची पाठ बोटाने दोनदा ठोकली की हवं ते काम व्हावं, ही सोय २०२० पासून तिथेच आहे. मी तिच्यावर भिंग लावलंय. गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक तारीख वाचायला चष्मा शोधावा लागत नाही.

पायवाट, नकाशाचं मान्य. अंकीचंही. पण माझी भीती वेगळी आहे. याच ॲक्सेसिबिलिटीची परवानगी एखाद्या भलत्या ॲपने मागितली आणि आपण देऊन टाकली, तर ते ॲप पडद्यावरचं वाचू शकतं आणि आपल्या वतीने बटणंही दाबू शकतं. बँकेचे पैसे लुटणारी ॲप हीच परवानगी मागतात. म्हणून तर अँड्रॉइड १३ पासून बाहेरून फाइल उतरवून टाकलेल्या ॲपना ती सहजासहजी मिळत नाही. ऐकू न येणाऱ्या माणसाच्या ॲपने माइक मागणं योग्य आहे. कीबोर्डची सजावट बदलणाऱ्या ॲपने ॲक्सेसिबिलिटी का मागावी?

---

घड्याळवाले

बॅटरीबद्दल निवांत जे बोलले त्याची दुसरी बाजू सांगतो, कारण त्यात मी पोळलोय.

"फोन स्वतः सांभाळतो, तुम्ही हात लावू नका" हे कागदावर बरोबर आहे. प्रत्यक्षात कितीतरी कंपन्या बॅटरी जास्त टिकते हे दाखवायला मागे चालणारी ॲप वाट्टेल तशी मारतात. आईच्या रक्तदाबाच्या गोळीची आठवण करणारं ॲप मी तिच्या नव्या फोनवर टाकलं. दोन दिवस वाजलं, तिसऱ्या दिवसापासून गप्प. तिला वाटलं, गोळी बंद करायला सांगितलीय. आठवडाभराने मी गेलो तेव्हा पाकिटातल्या गोळ्या मोजल्या आणि पोटात गोळा आला.

उपाय सेटिंग्जमध्येच निघाला, हे निवांत यांच्या बाजूने म्हणा. सेटिंग्जमध्ये ॲपची यादी, त्यात ते ॲप, मग बॅटरी, आणि तिथे "अनरिस्ट्रिक्टेड" निवडायचं. काही फोनांत याशिवाय "ऑटोस्टार्ट" नावाचं वेगळं बटण असतं, तेही चालू करावं लागतं. आणि त्यानंतर एक खोटी आठवण लावून, पडदा बंद करून, फोन रात्रभर तसाच ठेवून तपासायचं. पाच मिनिटांनी वाजलं म्हणजे सकाळी वाजेल असं नाही. फोन बराच वेळ पडून राहिला की मगच तो गाढ झोपेत जातो.

---

अर्धाउजेड

बॅटरीचा विषय निघालाच आहे तर डार्क मोडचं मला सांगू द्या. ओएलईडी पडद्यावर काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका, म्हणून वीज वाचते. एलसीडी पडद्याच्या मागचा दिवा जळतच असतो, तिथे फरक जवळपास नाही. आणि ओएलईडीवरही अपेक्षा बेताची ठेवा. पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये मोजमाप केलं तेव्हा ३० ते ५० टक्के उजेडावर सरासरी ३ ते ९ टक्केच बचत निघाली. पूर्ण उजेडावर मात्र ती ३९ ते ४७ टक्क्यांवर गेली. म्हणजे उन्हात उपयोग, घरात विशेष नाही.

बॅटरीचा खरा शत्रू उष्णता. उशीखाली ठेवून चार्ज करणं आधी थांबवा, चार्जिंगला ८० टक्क्यांची मर्यादा लावणं त्यानंतर.

---

पायवाट

निवांत, तुमची परवानग्यांची भीती रास्त आहे. म्हणून तर मी शक्य तिथे उघड्या कोडची, म्हणजे आतली रचना कुणालाही तपासता येईल अशी ॲप घेतो. पण तुमच्या "फोनमध्ये आहे तेवढं पुरे" या सवयीचा तोटा मला ज्या दिवशी कळला, तो सांगतो.

फोन पाण्यात पडला आणि मेला. फोटो क्लाउडवर होते, संपर्क होते. पण लॉगिनचे दर तीस सेकंदांनी बदलणारे सहा आकडी कोड त्या एकाच फोनवर होते. नवा फोन घेतला, ईमेलने कोड मागितला, आणि कोड देणारा फोन टेबलावर मरून पडलेला. एक खातं परत मिळवायला अकरा दिवस गेले. दुसरं मिळालंच नाही, त्यात सात वर्षांचं लेखन होतं.

त्यानंतर मी असे कोड देणारं एजिस हे ॲप घेतलं. त्यातले सगळे कोड पासवर्ड लावलेल्या एका फाइलमध्ये बाहेर काढता येतात. ती फाइल मी फोनबाहेर दोन ठिकाणी ठेवतो. गूगलच्या ऑथेंटिकेटरमध्येही २०२३ पासून कोड खात्यात साठवता येतात, पण त्या खात्याचाच कोड त्यात असेल तर किल्ली कुलपाच्या आत राहिली.

---

निवांत (धागाकर्ता)

तुमचं वाचून लगेच तपासलं. माझे चौदा कोड आहेत, सगळे याच फोनवर, बाहेर एकही नाही. यावर सेटिंग्जमध्ये उत्तर नाही, हे कबूल.

एजिस उतरवतोय. एक विचारायचं आहे: जुन्या ॲपमधले कोड एकेक करून हलवावे लागतात की एकदम येतात?

---

पायवाट

गूगलचं असेल तर त्यात "ट्रान्सफर अकाउंट्स" असतं, ते क्यूआर दाखवतं. एजिसमधून तो स्कॅन करा. कोड जास्त असतील तर एकामागून एक असे अनेक क्यूआर येतात, शेवटचा होईपर्यंत थांबा. दोन्ही ॲप एकाच फोनवर असतील तर दुसऱ्या फोनने क्यूआरचा फोटो काढा आणि तो एजिसमधून स्कॅन करा. आणि जुन्यातले कोड लगेच पुसू नका. दोन्ही ॲप शेजारी धरून चौदाच्या चौदा आकडे जुळतात का ते आधी बघा.