हॉलवेतली ‘कळकट’ फरशी घालवणाऱ्यांसाठी

चुन्याची_गोणी
परवा एका ताईंनी ‘आमच्या एन्ट्रन्स हॉलचा कायापालट’ म्हणून दोन फोटो टाकले. इंग्लंडमधल्या रेडिंगचं व्हिक्टोरियन टेरेस घर, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं, ओळीत शेजारच्या घरांना जोडलेलं. ‘आधी’च्या फोटोत लाल, काळ्या नि मलईरंगी टाइल्सची नक्षी, कमरेच्या उंचीवर डाडो रेल (भिंतीवरची लाकडी पट्टी), तिच्याखाली उठावाचा जाड कागद. ‘नंतर’च्या फोटोत राखाडी फळ्यांचं व्हिनाइल (प्लास्टिकची जमीन), पांढऱ्याफटक भिंती, छताला एलईडीची पट्टी आणि भिंतभर चपलांचं कपाट. खाली वाक्य : “जुनी कळकट फरशी घालवली, आता कसं मोकळं वाटतं!” त्यावर दीडशे बदाम. दोन दिवस दम धरला, आता लिहितोच.

ताई, ती फरशी कळकट नव्हती, मळलेली होती. या टाइल्सना रंग वरून फासलेला नसतो, मातीच रंगीत असते. कोरड्या मातीची भुकटी दाबून वस्तू घडवायचं पेटंट १८४० सालचं. त्यातून मिंटनसारख्या कारखान्यांनी चौकोन, त्रिकोण, षट्कोन पाडले आणि मध्यमवर्गीयाच्या दारात चर्चसारखी जमीन आली. फुलांची नक्षी असलेल्या एन्कॉस्टिक टाइलमध्ये तर नक्षीसुद्धा दुसऱ्या रंगाच्या मातीची, खाचेत भरलेली. सव्वाशे वर्षं बूट घासले तरी ती जात नाही. वर जे काळं दिसतं ते मेण, पॉलिश आणि कार्पेटचा गोंद.

लेस्टरला माझा हॉल जेमतेम तीन फूट रुंद. कार्पेट उचललं, खाली हार्डबोर्ड, त्याखाली काळा चिकटा. पहिल्या दिवशी फक्त एक टाइल घेतली, तळहातावर मावेल एवढा त्रिकोण. कोमट पाणी, साधा साबण, नायलॉनचा खरखरीत पॅड आणि कडेला जुना टूथब्रश. आधी पाणी शाईसारखं, मग चहासारखं, आणि तासाभराने खालून जांभ्या दगडाचा लाल रंग वर आला. बायकोला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, “आता उरलेल्या किती?” मोजल्या नाहीत. सहा महिन्यांचे रविवार गेले. त्रेचाळीस फुटक्या निघाल्या, त्या बदलल्या. श्रॉपशरमध्ये जॅकफील्डला आजही या टाइल्स बनतात.

बसवणारा मात्र माहितगार हवा. माझ्याकडे आलेल्या पहिल्या कारागिराने सवयीने तीन मिलिमीटरच्या फटी सोडल्या. जुन्या टाइल्स एकमेकींना चिकटून बसवलेल्या असतात, मध्ये नखही जात नाही. चौथ्या ओळीला नक्षी सरकली नि सगळं उपटावं लागलं.

आणि हे ‘मोकळं वाटतं’ प्रकरण नवं नाही. १९६२ साली बीबीसीवर बॅरी बकनेल नावाचे गृहस्थ जुनं घर आधुनिक करून दाखवायचे. दारांच्या नक्षीवर हार्डबोर्ड ठोक, जिन्याच्या कठड्यावर हार्डबोर्ड ठोक. लोकांनी घरोघरी तेच केलं. आजचे राखाडी व्हिनाइलवाले त्यांचेच मानसपुत्र.

स्पिरिट_लेव्हल
घर राहायला असतं हो. म्युझियम करायचं तर दाराशी तिकीट ठेवा.

मँचेस्टरला माझंही १८९५ चं घर आहे. नऊ इंची भरीव भिंत, आत पोकळी नाही, पुढच्या दाराला शिशाच्या पट्ट्यांत बसवलेली रंगीत काच आणि पत्रपेटीच्या फटीतून भसाभसा वारा. जानेवारीत हॉलमध्ये बोलताना तोंडातून वाफ यायची. मी ते दार काढून सरळ नवं कंपोझिट (मिश्र साहित्याचं) दार बसवलं, हॉल जगण्यालायक झाला. शेजारचा गोरा म्हातारा महिनाभर बोलला नाही. बोलायचं नसेल तर नको बोलू, गॅसचं बिल तू भरतोस का?

दुसरं. तुम्ही ‘काळा चिकटा’ खरवडलात म्हणता. साठ-सत्तरच्या दशकातल्या काळ्या बिटुमेन (डांबरी) गोंदात नि वरच्या टाइल्समध्ये ॲस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक तंतू) असू शकतं. या देशात त्यावर पूर्ण बंदी यायला १९९९ उजाडलं. तुम्ही नमुना तपासून घेतला होता का? की थेट टूथब्रश?

घाटावरची
वॉल्थमस्टोहून. सगळं छान आहे, पण कोणी मला हे सांगेल का, की चपला कुठे काढायच्या?

हा हॉल ज्यांनी आखला ते लोक बुटांसकट आत येत होते. त्यांना काय हवं होतं? आरशाचा हॉलस्टँड, त्यात छत्री नि काठी ठेवायची सोय, टोपीसाठी खुंटी. पाहुणा तिथे उभा राहून भारावला पाहिजे, बस. आमच्या घरी पाच माणसं. थंडीचे बूट, शाळेचे बूट, चिखलाचे बूट, सासूबाईंच्या घरातल्या आणि बाहेरच्या वेगळ्या. गेल्या सत्यनारायणाला चाळीस जोड जिन्याच्या पायऱ्यांवर चढले होते. नणंद प्रसादाचं ताट घेऊन वरून आली नि कुणाच्या तरी बुटावरून थेट खाली. शिरा तुमच्या त्या डाडो रेलपर्यंत उडाला. ताईंच्या कपाटाला नावं ठेवू नका.

खडूस_काका
साहेबाच्या घराची फरशी टूथब्रशने घासायला सहा महिने मिळतात यांना. पुण्यात आमचा सदाशिवातला वाडा पाडला तेव्हा तुम्ही कुठे होतात? सागवानी खांब होते, चुन्याचा गिलावा होता, देवडीत दगडी चौथरा होता. बाई विचारतात चपला कुठे काढायच्या. देवडीत काढायच्या! आमच्याकडे त्यासाठी अख्खी जागा होती, पावसातसुद्धा कोरडी. तीन फुटी बोळाला ‘एन्ट्रन्स हॉल’ म्हणणाऱ्यांकडून आम्ही वारसा शिकायचा?

चुन्याची_गोणी
काका, वाडा बिल्डरला देताना कागदावर सह्या राणी व्हिक्टोरियाच्या होत्या का?

खडूस_काका
अकरा भाऊबंद होते. दहाव्या नंबरला माझी सही आहे. झालं समाधान?

मुंबैकर
भांडणात दोन पैसे माझे. मिंटनच्या टाइल्स बघायला लेस्टरला जायला नको, भायखळ्याला राणीच्या बागेशेजारी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जा. १८७२ ची इमारत. खालची जमीन मिंटनची, आणि ती उपटून व्हिनाइल न टाकता तिची दुरुस्ती केली. त्या कामाला २००५ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. तेव्हा ‘साहेबाचं’ वगैरे राहू द्या, आता ते आपलंच आहे.

आणि एक गंमत. आपल्याकडे मिस्त्रीला ‘डाडो किती घेऊ?’ विचारलं की तो बाथरूमच्या भिंतीवर सात फुटांपर्यंत टाइल्स लावतो. मूळ डाडो म्हणजे भिंतीचा कमरेखालचा पट्टा, खुर्च्या नि छत्र्यांचे ओरखडे सोसायला. त्यावर लावायचा लिंक्रस्टा नावाचा उठावाचा वॉलपेपर १८७७ चा, लिनोलियम शोधणाऱ्या फ्रेडरिक वॉल्टनचाच. ॲनाग्लिप्टा हा तसाच वॉलपेपर दहा वर्षांनी आला, कागदाच्या लगद्याचा, हलका नि स्वस्त. हे सगळं मार खाण्यासाठीच लावलेलं असतं हो.

रविवारचा_सुतार
चपलांबद्दल : आम्ही दाराबाहेर छपरीत ठेवायचो. एका आठवड्यात कोल्ह्याने तीन नेल्या. तिन्ही डाव्या पायाच्या. लंडनचा कोल्हा, विनोद नाही.

घाटावरची
आमच्याकडे एकच नेली, पण ती कोल्हापुरी होती. गिऱ्हाइकाची निवड चांगली.

स्पिरिट_लेव्हल
मी जिन्याखालच्या खबदाडात ड्रॉवर करून घेतले. गॅसचं मीटर तिथेच होतं, मीटर वाचायला आलेल्या माणसाने पहिला ड्रॉवर उघडला आणि माझ्या जिमच्या बुटांना भेटला. परत आला नाही, आता रीडिंग मीच पाठवतो.

सौ_नॉर्थॅम्प्टन
चपला काढायला लावणंच मुळात पाहुण्यांचा अपमान आहे असं आमचे गोरे व्याही मानतात. हॉलमध्ये उभं राहून माझ्या नवऱ्याने त्यांना विनंती केली तर ते म्हणाले, या टाइल्स बुटांसाठीच आहेत. आणि खरंच आहेत! म्हणजे आता टाइल्स राखायच्या की रीत राखायची?

घाटावरची
रीत. व्याह्यांना कापडी सपाता द्या.

सौ_नॉर्थॅम्प्टन
दिल्या होत्या. विहीणबाई त्या भेट समजून घरी घेऊन गेल्या.

चुन्याची_गोणी
एवढे प्रतिसाद चपलांवर! इथे लोक दीडशे वर्षांची जमीन घालवताहेत आणि तुम्ही सपाता वाटताय.

@स्पिरिट_लेव्हल : दार बदललंत त्याचं एक वेळ समजू शकतो, पण उपाय तुमच्या आधीच्या लोकांनी शोधला होता. दाराच्या आतून जाड लोकरी पडदा. पत्रपेटीला ब्रशची पट्टी, चौकटीला रबर. माझा सगळा खर्च तुमच्या दाराच्या बिजागरीएवढा आला. शिवाय कोळशाच्या शेगड्यांना हवा ओढायला लागायची म्हणून त्या घरांना श्वास घेता येत होता. तुम्ही चुन्याच्या भिंतीवर जिप्सम नि वर प्लास्टिक रंग लावलात की भिंतीतली ओल जाणार कुठे? माझ्याकडे आधीच्या मालकाने तेच केलं होतं. दाराशेजारचा गिलावा हाताने दाबला तर भिजलेल्या पावासारखा आत गेला. मागे जुना चुना, त्यात घोड्याचे केस, तो ठणठणीत.

स्पिरिट_लेव्हल
व्याख्यान झालं. ॲस्बेस्टॉसचं उत्तर राहिलं.

चुन्याची_गोणी
तपासला नव्हता.

स्पिरिट_लेव्हल
वा.

चुन्याची_गोणी
अर्धा हॉल खरवडून झाल्यावर एका मित्राने झापलं, मग नमुना पाठवला. निघालं नाही. तोवरचे दहा दिवस मला झोप नव्हती, मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. बास? आणि तुम्ही खणून काढायच्या आधी हेही सांगून टाकतो : गोंद लवकर निघावा म्हणून मी दारापाशी विटा साफ करायचं ॲसिड वापरलं होतं. सहा टाइल्सचा पृष्ठभाग खडूसारखा झाला. त्रेचाळीसमधल्या सहा माझ्या.

स्पिरिट_लेव्हल
म्हणजे सव्वाशे वर्षांचे बूट, दोन महायुद्धं, हार्डबोर्ड, सगळं त्या सहा टाइल्सनी सोसलं आणि वारसाप्रेमी मालकाने मारल्या. नोंद घेतली. पडद्याचं मात्र बरोबर आहे. माझ्या कंपोझिट दाराखालूनही वारा येतोच, हे बायकोला सांगू नका.

उंबरठा
ज्या ‘ताईं’वर हा धागा आहे ती मी. माझे फोटो उचलून माझ्यावर निबंध लिहिण्याआधी एक ओळ विचारली असती तर बोटं झिजली नसती.

डाडो रेल काढली कारण माझी दीड वर्षांची लेक जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर उभी राहून तिला दात लावायची. वरचा पांढरा रंग टवका होऊन पडला, खाली हिरवा, त्याखाली तपकिरी. बाजारातून लेड (रंगातलं विषारी शिसं) तपासायची कांडी आणली, तपकिरीवर घासली, दोन सेकंदांत लाल. त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत दवाखान्यात होते, तिच्या रक्ताची तपासणी करायला. नशिबाने ठीक आली. मग नवऱ्याने मास्क लावून रेल न घासता, न तापवता, अख्खी उपटली आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून दिली. तुमच्या त्या मार खाण्यासाठी लावलेल्या पट्ट्याचं कौतुक तुम्ही करा.

आणि फरशी वरखाली झाली होती. आईला चालताना ठेच लागली, मनगट मोडलं. ती इथे सहा महिन्यांसाठी आली होती, त्यातले दोन प्लास्टरमध्ये.

घाटावरची
ताई, बाळ बरं आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. गोणीभाऊ, आता बोला.

चुन्याची_गोणी
न विचारता लिहिलं, चुकलं. रेल काढलीत ते बरोबर केलंत. रंग शाबूत असेल तर वरून नवा रंग देऊन दाबून टाकतात, पण मूल चावत असेल तर मीही तेच केलं असतं. आणि हीट गनने तापवली नाहीत हे तर माझ्याहून शहाणपणाचं.

पण फरशी. ठेच लागते तर सुटलेल्या टाइल्स उचलून खालची माती सपाट करून परत बसवता येतात. घालवायची कशाला?

उंबरठा
घालवली म्हणजे फोडली असं कुठे लिहिलंय? नजरेआड केली. फोडून स्किपमध्ये (राडारोड्याच्या मोठ्या डब्यात) टाकायला माणसाने जे पैसे सांगितले त्यात आम्ही दिवाळीला घरी जाऊन आलो. खड्डे भरायला जाड फेल्ट आणि वर खटक्याच्या फळ्या. एक थेंब गोंद नाही.

चुन्याची_गोणी
म्हणजे टाइल्स खाली आहेत?

उंबरठा
मग काय साताऱ्याला आहेत?

स्पिरिट_लेव्हल
अडीच हजार शब्दांचा अग्रलेख, आणि टाइल्स जागेवर.

चुन्याची_गोणी
हसा. पण ताई, एक करा. त्या जमिनीखाली ओल अडवणारा थर नसणार, आणि वरून व्हिनाइल म्हणजे झाकण. भिंतीकडेची एक फळी उचलून बघा. कुबट वास येतो का?

उंबरठा
उचलली. वास नाही. टाइल्सवर पांढरं पीठ आल्यासारखं दिसतंय.

चुन्याची_गोणी
ओलीबरोबर वर आलेले क्षार. कोरड्या ब्रशने झाडा, पाणी लावू नका. आणि जमलं तर उन्हाळाभर तेवढ्या फळ्या उघड्या ठेवा. लाल कोणता आहे, जांभ्यासारखा की विटेसारखा?

उंबरठा
जांभ्यासारखा. आईने बघून तेच म्हटलं, आम्ही रत्नागिरीचे. फळ्यांचा विचार करते. कपाट मात्र जागचं हलणार नाही, आत्ताच सांगून ठेवते.

घाटावरची
कपाटाची खोली किती आहे हो? आमच्याकडे दार अडतं.

उंबरठा
सतरा सेंटीमीटर. बूट तिरके उभे राहतात.

घाटावरची
लिंक व्यनि (खाजगी निरोप) करा.

सौ_नॉर्थॅम्प्टन
मलाही.

चुन्याची_गोणी
…मलाही.